केळीचे बोंबील

आमच्या गावच्या जत्रेत खाज्याची दुकानं लागतात, आणि खाजं खाल्ल्याशिवाय जत्रा झाली असं कोणी म्हणत नाही. मुंबईची एक जत्रा मात्र बारा महिने भरलेली असते. बोरिवलीच्या पश्चिमेला, खाडीच्या अंगाला, मोठ्या फाटकाआडचं करमणुकीचं पार्क. माणसं तिथे पैसे देऊन उलटी टांगून घेतात, किंचाळत खाली येतात, आणि खाली आलेल्या माणसाला घरच्यासारखं काही खावंसं वाटत नाही. म्हणून तिथे हातभर काडीवर स्प्रिंगसारखा पिळलेला बटाटा मिळतो. उशीएवढे म्हातारीचे केस मिळतात. कोळशासारखं काळं आइस्क्रीम मिळतं. तोंडात टाकली की नाकातून धूर काढणारी बिस्किटंही मिळतात.

या सगळ्या नवलाईत मला जे खरं नवल वाटलं, ते मढच्या एका कोळणीच्या हातचं होतं. तिचं नाव शकु.

शकुनं तीस वर्षं डोक्यावर मासळीची पाटी वाहिली. पन्नाशीला मानेचा मणका झिजला आणि डॉक्टर म्हणाले, आता डोक्यावर पदराशिवाय काही घ्यायचं नाही. घरी बसणं तिच्या रक्तात नव्हतं. पार्कात नव्या खाण्याच्या गाड्यांना रविवारपुरती जागा देतात असं तिनं ऐकलं आणि ती जाऊन उभी राहिली. खाण्याचं सगळं बघणारा धवल नावाचा तरुण तिला म्हणाला, "मावशी, इथे मासळी चालत नाही. अंडंपण नाही."

"मग काय चालतं?"

"नवीन काहीतरी. आणि जैनांना चाललं तर झकास. बटाट्याच्या गाडीसमोर अर्धी पब्लिक नुसती बघत उभी असते."

शकुला मासळीशिवाय काही येत नव्हतं. म्हणून तिनं मासळीचीच रीत केळ्याला लावली. वसईकडची लांब, कच्ची राजेळी केळी आणली, मिठाच्या पाण्यात अर्धवट उकडली, सोलली, उभी चिरली; पण देठाशी दोन फाका एकमेकींना धरून ठेवल्या. कोळीवाड्यात दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून वलांडीवर, म्हणजे बांबूंना बांधलेल्या दोरीवर, घालतात, तशा त्या फाका दोरीवर घातल्या. दोन उन्हं दाखवली. फाका मऊ, चिवट, सुरकुतलेल्या झाल्या. त्यांना हळद, मिरची, कोकमाचं आगळ लावलं, तांदळाच्या पिठात घोळवलं आणि काडीला टोचून तळलं. वरून कुरकुरीत, आत लोण्यासारखं. पाटीवर लिहिलं, केळीचे बोंबील. लोक नावाला हसायचे आणि दुसरी काडी मागायचे.

मथुराबेन तिचं पहिलं गिऱ्हाईक. पंचाहत्तरीच्या बाई, दर रविवारी नातवंडांबरोबर यायच्या, पाळण्यात बसायच्या नाहीत, सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत शकुच्या गाडीसमोरच्या बाकावर बसायच्या. "शकुबेन, तुझा बोंबील दे," असं मोठ्यानं म्हणायच्या आणि त्यांची सून लाजायची.

माघात धवलनं सांगितलं, "मावशी, येत्या रविवारी चव बघायला साहेब येणार. एकाच गाडीला कायमची जागा मिळेल. तुम्ही, नाहीतर ती धुराची बिस्किटं."

कायमची जागा! शकुला त्या आठवड्यात झोप लागेना. तीनशे काड्या लागणार होत्या. घराच्या गच्चीत एवढी दोरी मावत नव्हती. किनाऱ्यावर नवऱ्याची, काशीरामची, वलांडी रिकामी होती. तिनं बांबू साबणानं घासले, दोरी उकळत्या पाण्यातून काढली, पुन्हा घासली. येणाऱ्याजाणाऱ्या कोळणींना विचारलं, वास येतो का गं? सगळ्या म्हणाल्या, "कसला वास? छान आहे की!" मग तिनं केळी वाळत घातली.

रविवारी तेल तापलं. साहेब बाराला येणार होते. पहिली काडी नेहमीप्रमाणे मथुराबेनची. त्यांनी ती तोंडाशी नेली आणि तिथेच थांबवली.

"शकुबेन," त्या हळूच म्हणाल्या, "आज ह्याला दरियाचा वास येते."

शकुनं काडी नाकाला लावली. तिला मसाल्याचा वास आला, तेलाचा आला. आणखी काही नाही. धवलनंही हुंगलं. "मलापण काही नाही येत. मावशी, मसाला जास्त मारा. तासाभराचा तर प्रश्न आहे. कोणाला कळतंय?"

"त्यांना कळलं ना," शकु म्हणाली. मथुराबेनकडे वळून तिनं विचारलं, "आजी, खरं सांगा. नक्की?"

"माझ्या घरात तीन पिढ्या मच्छी नाही आली, बेटा. तुला ते घरचं वाटेल. माझं नाक चुकणार नाही."

शकुनं खटकन गॅस बंद केला. त्या आवाजाबरोबर काय गेलं, ते तिला कळत होतं. साहेब आले तेव्हा ती थंड कढईमागे उभी होती. "आज माझ्याकडे काही नाही," ती म्हणाली. "बोंबलाच्या वलांडीवर वाळवलं. तुमच्याकडे येणारी माणसं विश्वासानं खातात. चूक माझी."

जागा धुराच्या बिस्किटांना गेली. धवल चिडून म्हणाला, "स्वतःहून कोण सांगतं यार!"

काशीराम घरी म्हणाला, "अगं, दोनदा धुतलंस की!"

"वलांडी धुतली," शकु म्हणाली. "आपली नाकं धुवायची राहिली."

पुढच्या रविवारी ती गाडीवरची भांडी न्यायला गेली. मथुराबेन बाकावर होत्याच. म्हणाल्या, "तुझ्या किनाऱ्यावर तू कुठेपण सुकव, वारा तर तोच. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर आम्ही तांदळाचे खिचिया पापड सुकवते. तू केळी तिथे घाल."

"सोसायटीवाले चालू देतील?"

"सेक्रेटरी माझा भाचा आहे. लहानपणी मी त्याची चड्डी धुतली. काय बोलेल?"

धवल ऐकत होता. तो डोकं खाजवत म्हणाला, "मागच्या फाटकाजवळ एक कोपरा आहे. कायमचा नाही, मे महिन्यापर्यंत. पण माल आधी या आजींच्या नाकाखालून गेला पाहिजे."

आता बोरिवलीच्या एका सातमजली इमारतीच्या गच्चीवर नव्या बांबूंची वलांडी उभी आहे. शेजारी जुन्या साडीवर खिचिया पापड, दोरीवर राजेळीच्या जोडफाका. पहिल्या दिवशी मथुराबेन कमरेवर हात ठेवून एकेक दोरी हुंगत निघाल्या. शकु मागोमाग चालायला लागली, तशा त्या गर्रकन वळल्या.

"तू तिकडे टाकीजवळ उभी राहा. तुझ्या पदराला दरिया आहे. मला केळी समजू दे."

शकु टाकीजवळ गेली. तीस वर्षं जिच्या पाटीतली मासळी कोणी हुंगून परत केली नव्हती, ती बाई पदर मुठीत गुंडाळून उभी राहिली. मथुराबेन शेवटच्या दोरीपर्यंत गेल्या, एक वाळकी फाक मोडली आणि न तळताच तोंडात टाकली.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.