आखूड रायफल आणि विभावरी खानझोडे

आयर्लंडमधल्या मलिंगार गावच्या एका कारखान्यात विभावरी खानझोडेला सगळे 'मोजणारी बाई' म्हणत. हृदयाच्या शिरांत घालायच्या बारीक नळ्या तिथे बनत, आणि कॅलिब्रेशनची खोली तिच्या ताब्यात होती. एखादं माप केसभर जरी इकडचं तिकडे झालं, तरी ती अख्खी मशीन थांबवायची. घरीसुद्धा पोह्यांत मीठ मोजून पडतं, असं तिचा नवरा दिलीप सगळ्यांना सांगायचा. त्यात थोडं तिखटमीठ त्याचंही असे.

कारखान्यात कुणाला ठाऊक नव्हतं ते वेगळंच. नागपूरला कॉलेजात असताना विभावरी एनसीसीच्या नेमबाजी संघात होती. बावीस बोअरची रायफल, पालथं झोपून मारा. दिल्लीच्या शिबिरासाठी तिची निवड झाली आणि नेमकी त्याच आठवड्यात इंजिनिअरिंगची परीक्षा आली. वडील म्हणाले, "नेम धरून पोट भरत नाही, बेटा." ती परीक्षेला बसली. पुढे नोकरी, लग्न, पुणे, मग आयर्लंड. चोवीस वर्षांत तिने रायफलीला हात लावला नव्हता.

दोन हजार सहाचा ऑगस्ट. कँटीनमध्ये ती डबा उघडून बसली होती. समोर ओवेन गेराटी येऊन बसला. ओवेन कारखान्यातला जुना फिटर, साठीला टेकलेला. तीस वर्षं दर हंगामात परवान्याने हरणाची शिकार करणारा माणूस. एरवी तो हवापाण्यावरच पाव तास बोलायचा. आज त्याने सूपसुद्धा ढवळलं नाही.

"काय झालं रे?" तिने विचारलं.

त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर पसरला. नेमबाजीचं टार्गेट होतं ते. मधल्या काळ्या ठिपक्यापासून वर आणि उजवीकडे, बशीएवढ्या जागेत भोकंच भोकं.

"नवी रायफल," तो म्हणाला. "आखूड नळीची, हलकी, पण दणका मोठ्या रायफलीचा. परवान्यासाठी वर्षभर थांबलो. आणि हे बघ. दुकानदार म्हणतो, रायफलीत काही खोट नाही, हात म्हातारे झाले."

"आणि तुला काय वाटतं?"

ओवेनने हाताचे पंजे टेबलावर उताणे ठेवले. "तो म्हणतो ते खरं असेल. एक तारखेला हंगाम सुरू होतो. नेम नाही म्हणजे हरीण जखमी होऊन रानात पडणार. असलं पाप मी आयुष्यात केलं नाही, आता करणार नाही. शनिवारी शेवटचं बघतो. नाही जमलं तर विकून टाकतो, आणि शिकारही बंद."

विभावरीचा घास हातातच राहिला. तिने कागद आपल्याकडे ओढला.

"यातली पहिली गोळी कुठली?"

"म्हणजे?"

"कुठली आधी लागली, कुठली नंतर?"

"ते कोण लिहून ठेवतं?"

"अरे देवा!" ती मराठीतच म्हणाली. मग त्याच्या भाषेत त्याला कॉलेजातली नेमबाजी आणि मधली चोवीस वर्षं थोडक्यात सांगून म्हणाली, "शनिवारी मी येते."

शनिवारी सकाळी दिलीपने तिला वही, पेन्सिल आणि पट्टी पिशवीत भरताना पाहिलं. "रेंजवर चाललीस की बोर्डाच्या परीक्षेला?" त्याने विचारलं. बारा वर्षांची मुलगी सानिका जिन्यावरून ओरडली, "मम्मी, आर यू ॲक्च्युअली गोइंग टू शूट अ गन?" विभावरी हसली आणि बुटांच्या नाड्या बांधू लागली. कॉलेजात संघाच्या निवडीच्या दिवशी बांधायची तशा, दोनदा घट्ट.

रेंज पोर्टलीश गावाच्या पुढे एका जुन्या दगडखाणीत होती. तीन बाजूंनी उंच कडे, मधे गवताची पट्टी, शंभर मीटरवर टार्गेटच्या चौकटी. क्लबची सेक्रेटरी नोरीन म्हणजे निवृत्त शाळामास्तरीण, आवाज अजून वर्गातलाच. तिने विभावरीची पाहुण्यांच्या वहीत सही घेतली, आधी कुठली रायफल चालवलीय ते विचारलं, कानांवर चढवायला जाड कर्णरक्षक दिले आणि नियम दोनदा म्हणून घेतले.

ओवेनने रायफल पेटीतून काढली. विभावरीला ती पाहताक्षणी आवडली. अक्रोडाचा दस्ता, त्यावर छोटी दुर्बीण, आणि सगळी मिळून एवढी सुटसुटीत की खांद्याला लावून दाट झाडीतूनही माणूस सहज वळेल.

आधी तिने दुर्बिणीचे स्क्रू तपासायला लावले. घट्ट होते. मग म्हणाली, "पाच गोळ्या मार. घाई करू नकोस. प्रत्येकीनंतर मी वहीत टिपणार."

पहिला बार खाणीच्या कड्यांवर आदळून परत आला. कानांवर रक्षक असूनही तो विभावरीला छातीत जाणवला. तिच्या तोंडून आपोआप "वा!" निघालं. तिवईवरच्या मोठ्या दुर्बिणीतून तिने पाहिलं आणि वहीत टिंब काढून 'एक' लिहिलं. 'दोन' त्याला जवळजवळ चिकटून. 'तीन' जरा वर, उजवीकडे. 'चार' आणखी वर. 'पाच' त्याच्याही वर.

ओवेनचा चेहरा पडला. "बघितलंस? हात."

विभावरी मात्र वहीकडे बघत होती, आणि तिचे डोळे चमकायला लागले होते. "ओवेन, ही भोकं विखुरलेली नाहीत. जिना चढताहेत! रायफल खाली ठेव. वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही. चहा पिऊ."

फ्लास्कमधला चहा संपला. नळी हाताला गार लागली. ओवेनने पुन्हा दोन गोळ्या मारल्या. दोन्ही पहिल्या जागी, ठिपक्याला लागून.

"माणसाचा हात चहा पिऊन सरळ होत नसतो," ती म्हणाली. "नळी तापते तशी गोळी सरकते. पण अजून सिद्ध झालेलं नाही. दुसऱ्या माणसाने हीच चाचणी केली पाहिजे."

ओवेनने नोरीनकडे पाहिलं. नोरीनने आपला खांदा दाखवला; नुकतंच ऑपरेशन झालं होतं. मग दोघांनी मिळून विभावरीकडे पाहिलं.

"मी?" ती म्हणाली. पण हे होईल या आशेनेच तर ती सकाळपासून इतकी हरखलेली होती.

नळी पुन्हा गार होईपर्यंत नोरीनने तिला बाकावर बसवलं. पुढचा भाग वाळूच्या पिशवीवर ठेवला, दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट बसवला. "ही बावीस बोअर नव्हे," नोरीन म्हणाली. "लाथ मारते. सैल धरलीस तर आठवडाभर खांदा चोळत बसशील."

दुर्बिणीत ठिपका आला. विभावरीने अर्धा श्वास सोडला आणि उरलेला धरला. ठिपका हलायचा थांबला. बोटाने चाप हळूहळू ओढत राहायचं, बार कधी होईल याची वाट बघायची नाही, याची तिला आठवण करून द्यावी लागली नाही.

दणका असा बसला की ती बाकावर मागे सरकली. डोळ्यांत पाणी आलं आणि ती मोठ्याने हसत सुटली. "आई गं! ओवेन, ही रायफल आहे की गाढव!"

"कुठे लागली ते बघ!" ओवेन मोठ्या दुर्बिणीशी वाकून ओरडला. "ठिपक्याच्या काठावर! चोवीस वर्षांनी!"

"तू मोज, मी मारते."

तिने पाच मारल्या. ओवेनने पाच टिंबं काढली आणि वही तिच्यापुढे धरली. पहिली दोन ठिपक्याजवळ, पुढची तीन वर आणि उजवीकडे चढत गेलेली. त्याच्यासारखाच जिना, पायरीला पायरी जुळणारा.

ओवेनने वहीचं मागचं पान उलटून दोन्ही जिने ताडून पाहिले. मग एवढंच म्हणाला, "म्हणजे मी नाही."

"तू नाहीस. काहीतरी नळीला ढकलतंय."

तिने पर्समधून पेट्रोल पंपावरची पावती काढली आणि नळी व लाकूड यांच्या फटीत सरकवली. पावती पुढच्या टोकाकडून सरसर आत गेली आणि एका ठिकाणी अडली. डाव्या बाजूला, खालून. लाकूड तिथे नळीला टेकलं होतं.

"हिला पावसात नेली होतीस?"

"एप्रिलमध्ये. तीन दिवस डोंगरात होतो, तीनही दिवस पाऊस."

"बाहेरून लाकडाला तेल आहे. आतून कोरडं ठेवलंय. पाणी प्यायलं आणि फुगलं. नळी तापून ताणली की हे लाकूड तिला ढकलतं."

फिटरला पुढचं सांगावं लागलं नाही. ओवेन जवळजवळ धावतच व्हॅनकडे गेला आणि पॉलिश पेपर व पान्यांची पेटी घेऊन आला. नळी लाकडापासून सुटी केली. नळीच्या जाडीचा एक गोल पाना निवडून त्याला पॉलिश पेपर गुंडाळला आणि तो लाकडाची खोबण घासू लागला. विभावरी दर दोन मिनिटांनी हात लावून म्हणे, "अजून." भुसा दोघांच्या मांडीवर पडत होता. नोरीनने रेंजवरच्या इतर नेमबाजांचा मारा थांबला की येऊन बघायचा सपाटा लावला. शेवटी पावती या टोकापासून त्या टोकापर्यंत सुळकन गेली.

रायफल जोडली. ओवेन बसला. पाच बार, एकामागून एक, नळी तापू देत. प्रत्येक बाराला विभावरी दुर्बिणीला डोळा लावून असे, पण तिने आकडा तोंडातून काढला नाही. मारा चालू असल्याचं लाल निशाण नोरीनने खाली घेतल्यावर तिघंही गवतातून टार्गेटकडे गेले. शेवटची वीस पावलं विभावरी पळालीच.

पाचही गोळ्या ठिपक्यात होत्या. दोन युरोचं नाणं ठेवलं असतं तर सगळी भोकं झाकली गेली असती.

ओवेनने कागदावरून अंगठा फिरवला. मग टोपी काढून कपाळ पुसलं, आणि या सहा फुटी माणसाने विभावरीला उचलून गर्रकन फिरवलं. "ग्रँड!" तो ओरडला. "ग्रँड, ग्रँड, ग्रँड!"

घरी आली तेव्हा तिच्या खांद्यावर वांग्याच्या रंगाचा डाग उमटला होता. दिलीपने बर्फ लावला. सगळी हकिकत ऐकून तो म्हणाला, "पुढच्या शनिवारी मीपण येतो. नाहीतर तू एकटीच रणरागिणी होशील."

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ओवेनचा फोन आला. एकच गोळी, एकच हरीण, जागच्या जागी. पुढच्या खेपेला तिने सोबत यावं असा त्याने आग्रह केला. ती म्हणाली, "शिकार तुझी. मला कागदच पुरेसा आहे." तो रागावला नाही. आतून तेल दिलेल्या लाकडाची फट मात्र तो दर महिन्याला तिच्याकडून तपासून घेऊ लागला.

क्लबचं सभासदत्व तिने त्याच हिवाळ्यात घेतलं. मार्चमध्ये स्वतःच्या बावीस बोअरच्या परवान्यासाठी गार्डा स्टेशनात, म्हणजे तिथल्या पोलीस ठाण्यात, अर्ज दिला. खिडकीपलीकडच्या तरुण गार्डाने अर्ज वाचला, साडीवर कोट चढवलेल्या त्या बाईकडे पाहिलं आणि विचारलं, "रायफल कशासाठी?"

"नेम धरायला," विभावरी म्हणाली. "पालथं झोपून मारायचं फार वर्षं राहून गेलंय."

त्याला शेवटचं वाक्य कळलं नाही, पण शिक्का मारताना तो हसला. मे महिन्यात क्लबच्या सामन्यात तेवीस जणांत ती चौथी आली. संध्याकाळी नागपूरला फोन लावून तिने आईला आधी नंबर सांगितला, आणि मग प्रत्येक गोळी कुठे लागली ते, एक ते वीस, क्रमाने.