चष्मा काढला की

खोक्या हे त्याचं नाव थोरल्या ताईने पाडलेलं. लहानपणी घरात कसलंही खोकं आलं की हा त्यात जाऊन बसलाच म्हणून समजा. मोठा झाला तरी सुटका नाही. वेबसाइटी बनवायचं काम पत्करलं, म्हणजे दिवसभर पडद्यावरचे चौकोन इकडचे तिकडे करायचे. याची खोकी काही सुटेनात, असं ताई येईल-जाईल त्याला सांगे. आईवडील लवकर गेले आणि शिलाईच्या कारखान्यात पडदे शिवून तिनेच त्याला वाढवलं. वाजवायला कीबोर्ड आणून दिला तोही तिनेच.

आठवड्यातून एकदा तो प्रार्थनामंडळात वाजवायला जाई. मंडळ कसलं, बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाचा वरचा मजला, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि सारखा खरखरणारा माइक. प्रमुखांना सगळे काका म्हणत. जन्मभर पोस्टात घालवलेला सरळ माणूस, बोलायला जरा रटाळ. त्यांचं बोलणं संपलं की खोक्या एक जुनी चाल धरी. शेवटच्या कडव्याला डाव्या हाताचा जड सूर तसाच दाबून ठेवी आणि उजव्या हाताने सावकाश, अगदी सावकाश खाली उतरे. खुर्च्याखुर्च्यांतून हुंदके फुटत. काकांचेही डोळे भरून येत. आला, तो आला, असं ते पुटपुटत.

खोक्याचाही विश्वास होता बरं का. नसता तर पुढचं काही घडलंच नसतं. पण डोक्यात एक किडा वळवळत होता: ही माणसं रडतात ती देवामुळे, की माझ्या डाव्या हातामुळे? असलं विचारायचं कुणाला? म्हणून त्याने ब्लॉग काढला. श्रद्धा, संगीत आणि वेब डिझाइन, असे वर तीन कप्पे. ताईने पाहिलं आणि हसली, तीन तिघाडा काम बिघाडा म्हणाली. म्हणाली ती सहजच.

लिहायला लागला आणि लेकाला चेवच चढला. बटण कुठे ठेवलं की माणूस विचार न करता दाबतो आणि सूर कुठे धरला की माणूस विचार न करता रडतो, हे दोन्ही एकच कसब आहे, असं त्याने लिहून टाकलं. कोणत्या कडव्याला, कोणता सूर, श्वास कुठे अडकतो, सगळं बैजवार. वाचतंय कोण, या भरवशावर.

आता या शहाण्याला काय म्हणावं! मंडळाची वेबसाइट यानेच बनवलेली. धंद्याच्या रिवाजाप्रमाणे पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत बनवणाऱ्याचा पत्ता दिलेला. त्याच पत्त्यावर याने ब्लॉग मांडला आणि ती बारीक अक्षरं साफ विसरला. प्रार्थनेची वेळ बघायला गेलेला माणूस चुकून खाली बोट लावी आणि थेट खोक्याच्या मनात उतरे. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा, दुसरं काय.

मंडळातली माणसं हळूहळू त्याच्या डाव्या हाताकडे बघायला लागली.  आपलं लिहिलेलं यांनी वाचलंय, हे त्याच्या लक्षात आलं.

मग काकांनी त्याला मागच्या खोलीत बोलावलं. आता चामडी लोळवतात, या तयारीने तो गेला. काकांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला.

"सगळं वाचलं," ते म्हणाले. "मला इतकी वर्षं वाटायचं, ते वरून येतं."

"येतच असेल, काका."

"असेल. पण दार कुठे आहे, ते तू दाखवलंस." त्यांनी चष्मा पुसून पुन्हा चढवला. "यापुढे माझ्याकडे लक्ष ठेव. मी चष्मा काढला की त्या सुरावर ये."

काका लबाड असते तर बरं झालं असतं. लबाडाला निदान पकडता येतं. काकांना मनापासून वाटत होतं की लोकांचं भलं करायची किल्ली आपल्या हाती आली. खोक्याने तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. म्हणालाच नाही. हाकलला गेलो नाही, यातच जीव भांड्यात पडला होता त्याचा.

पुढच्या प्रार्थनेला काकांनी समोर एक टेबल मांडलं. जे ओझं झालंय ते इथे ठेवून जा, म्हणाले. चष्मा निघाला, सूर लागला. एकाने सिगारेटचं पाकीट ठेवलं. वाहवा झाली. नंतर एका म्हाताऱ्या सुताराने काठी ठेवली आणि तो चार पावलं चालून दाखवून गेला. दोन दिवसांनी खोक्याला तो रस्त्यात दिसला, भिंत धरून उभा, पाय लटपटत होते. पुढच्या वेळी तो आलाच नाही. त्याच्याबद्दल कुणी विचारलंही नाही. खोक्याने घरी येऊन ब्लॉग पुसून टाकला. काय उपयोग? काकांनी त्याची छापील पानं खिशात घडी घालून ठेवली होती.

ताईला फिट यायची. गोळ्यांनी ती आवरलेली होती, पण त्या गोळ्यांनी तिला झापड येई. एकदा सुई बोटातून आरपार गेली, तेव्हापासून मशीन काढून घेऊन तिला घड्या घालायला बसवलं होतं. ते तिला जिव्हारी लागलं होतं. मनाने गोळ्या बंद केल्यात तर पुढची फिट थांबेलच असं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आणि आज सकाळी प्रार्थनेला न्यायच्या पिशवीत गोळ्यांची डबी टाकताना खोक्याने तिला पाहिलं.

 त्याने तिला हात धरून बसवलं. ते सगळं माझ्या डाव्या हाताचं आहे गं, त्यात दुसरं काही नाही, असं कळवळून सांगितलं.

"वाचलंय मी," ताई म्हणाली. "पण स्वयंपाक कुणी केला ते ठाऊक असलं म्हणून पोट भरायचं थांबतं का? आणि तुझ्या हातून येतंय, म्हणून तर माझा भरवसा."

 खोक्याने मनाशी एकच ठरवलं: तो सूर आज लावायचाच नाही.

संध्याकाळी हॉल भरला होता. ताई टेबलासमोर उभी राहिली, डबी मुठीत. खोक्याने चाल धरली, शेवटचं कडवं आलं. काकांनी चष्मा काढला.

खोक्याने दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

 आता हे रडणार नाहीत, असं वाटून त्याला हायसं वाटलं. तेवढ्यात मागून कुणीतरी ती चाल गुणगुणलं. मग दुसरं. मग सगळा हॉल. नेमक्या जागी पुरुषांनी खालचा जड सूर धरला आणि बाया सावकाश, अगदी सावकाश खाली उतरल्या. हुंदके फुटले, ताईने डबी टेबलावर ठेवली. पाठ झालं होतं त्यांना.

खोक्या कीबोर्डमागून धडपडत पुढे आला आणि टेबलावरची डबी त्याने उचलली. ताईने त्याचं मनगट धरलं. तिचा चेहरा आनंदाने ओलाचिंब झाला होता.

"ठेव ती तिथे, खोक्या," ती म्हणाली. "उद्या मी मशीन मागणार आहे."

काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पुढच्याला बोलावलं.