मंदाताईंचे पाच प्रश्न

मंदाताई गेल्याचा फोन मला रंजनाने केला. चार दिवसांचा ताप, कर्जतच्या दवाखान्यातून पनवेलला हलवलं, आणि सकाळी... एवढंच ती म्हणाली. फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की हिला माझा नंबर कुणी दिला? रडू नंतर आलं. आज दीड महिन्याने लिहायला बसले तेव्हा तो पहिला विचार गाळून टाकावासा वाटत होता. पण मंदाताईंबद्दल खरं लिहायचं, तर माझा संशय वगळून चालणार नाही.

मंदाताई पळसदरीच्या पुढच्या एका गावात अंगणवाडी सेविका होत्या. वय बावन्न. पर्यवेक्षिका व्हायला पदवी लागते म्हणून त्यांनी बाहेरून बी.ए.ला नाव घातलं होतं. मी खोपोलीच्या एका कारखान्याच्या ऑफिसात आहे. लग्नात सुटलेलं शिक्षण पुरं करायचं म्हणून मीही त्याच वर्गाला होते. खोपोलीच्या अभ्यासकेंद्रात रविवारी तास असायचे. मानसशास्त्राच्या पहिल्याच तासाला सर घंटा वाजल्यावर लाळ गाळणाऱ्या कुत्र्याचा प्रयोग सांगत होते, तर माझ्या शेजारी बसलेल्या मंदाताई हळूच म्हणाल्या, "आमच्याकडं खिचडीच्या टोपाचं झाकण वाजलं की पोरं ताटल्या घेऊन उठतात. त्याला कुत्रा कशाला पायजे?" पुस्तकातली एकही गोष्ट त्या स्वतः पडताळल्याशिवाय मानत नसत. अवधानाचा धडा झाला की पुढच्या आठवड्यात त्या सांगणार, गोष्ट ऐकताना कुठलं पोर किती वेळ टिकलं, आणि पुस्तकात कुठे चुकलंय.

त्याच वर्गात रंजना होती. डोंगराखालच्या कातकरी वाडीतली, पंचविशीची, मागच्या बाकावर बसणारी. एकदा तिने माझ्या नोट्स झेरॉक्सला मागितल्या. ऑफिस सांभाळून मी त्या महिनाभर खपून काढल्या होत्या. मी म्हटलं, स्वतः लिहून काढावं, म्हणजे लक्षात राहतं. मंदाताई तिथेच उभ्या होत्या. त्यांना मात्र मी त्या नोट्स आपण होऊन दिल्या, आणि कुणाला दाखवू नका असंही बजावलं.

परीक्षा दोन महिन्यांवर आल्यावर आम्ही उजळणी सुरू केली. शनिवारी दुपारी अंगणवाडी रिकामी व्हायची. भिंतीवर अक्षरांचे तक्ते, जमिनीवर चटई, आणि आम्ही दोघी. पहिल्या दोन शनिवारी सगळं पुस्तक होऊन गेलं. मग मंदाताईंचं काहीतरी वेगळंच सुरू झालं. त्या पुन्हा पुन्हा तेच पाच प्रश्न काढू लागल्या. अभिसंधान म्हणजे काय, तेच ते घंटेवाल्या कुत्र्याचं. नकारात्मक प्रबलन आणि शिक्षा यांत फरक काय. अल्पकालीन स्मृती दीर्घकालीन कशी होते. आपण का विसरतो. आणि मनाच्या संरक्षण यंत्रणा. मी समजावलं की मान डोलवायच्या, स्वतःच्या शब्दांत परत सांगायच्या, अगदी बरोबर. आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तोच प्रश्न. म्हणजे यांना कळलंय, तरी विचारतायत. मी बाकीच्या धड्यांकडे वळले की म्हणायच्या, "ते ऱ्हाऊ दे गं. ह्येच पक्कं करू." का, ते सांगायच्या नाहीत. माझं सांगणं त्या वहीत शब्दन्‌शब्द उतरवून घ्यायच्या आणि मी वाकून बघितलं की वही मिटायच्या.

त्यात केंद्रात कुजबुज होती, की पेपर कुणाला तरी आधीच मिळालाय. एका संध्याकाळी लोकलच्या खिडकीतून मला मंदाताई दिसल्या. पळसदरी स्टेशनच्या बाहेर एका अनोळखी माणसाच्या मोटरसायकलवर मागे बसत होत्या. काखेत माझ्या नोट्सची पिशवी, आणि गाडी वळली ती त्यांच्या गावाच्या उलट दिशेला. दुसऱ्या दिवशी मी फोनवर सहज विचारलं, काल कुठे होता? म्हणाल्या, "घरीच की." मला जे कळायचं ते कळलं, असं मला वाटलं.

पेपरात त्या पाचातले तीन प्रश्न आले.

मी बाहेर पडले ती सरळ केंद्रप्रमुखांकडे गेले. माझं नाव येऊ देऊ नका म्हटलं, आणि सगळं सांगितलं. मनाला समजावलं, की ही तक्रार नाही, कर्तव्य आहे. आठवड्याभरात मंदाताईंना बोलावणं गेलं. त्या दोन वह्या घेऊन आल्या, एक स्वतःची आणि एक रंजनाची. पुढचं मला केंद्रप्रमुखांनीच सांगितलं. मंदाताई प्रत्येक सोमवारी संध्याकाळी रंजनाच्या भावाच्या मोटरसायकलवरून वाडीवर जात होत्या, रंजनाला शिकवायला. तिचं जिथे अडायचं ते प्रश्न त्या शनिवारी माझ्याकडे आणायच्या आणि माझं उत्तर वहीत भरून परत न्यायच्या. आणि पेपरात आले ते कुठल्याही वर्षी येणारे प्रश्न होते. जुने पेपर चाळले असते तर मलाही दिसलं असतं. चौकशी तिथेच मिटली.

मी मात्र महिनाभर त्यांना टाळलं. मग निकाल लागला आणि त्या स्वतःच माझ्या ऑफिसच्या गेटवर येऊन उभ्या राहिल्या, पेढे घेऊन. रंजनाला त्यांच्यापेक्षा चार मार्क जास्त पडले होते, आणि ते त्यांनी वॉचमनलाही सांगून टाकलं होतं. पेढा हातात घेऊन मी कसंबसं म्हटलं, "मंदाताई, तेव्हा केंद्रात सांगितलं ते..."

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. "त्या पाच प्रश्नांचं तुझ्याबिगर कुणाला ठावं व्हतं?"

मी विचारलं, मग बोलला का नाहीत? त्यांनी पेढ्यांच्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "मी पन तुझ्याशी खोटं बोलले की गं. नोट्स तिला दिल्यात म्हटलं तर तू परत घेशील, असा मला संशय व्हता."

मी घेतल्या असत्या. हे दोघींनाही माहीत होतं. दुसऱ्या वर्षाची उजळणी कधी धरायची, एवढं विचारून त्या निघून गेल्या. ती आमची शेवटची भेट.

गेल्या सोमवारी ऑफिस लवकर सुटलं तेव्हा मी वाडीवर गेले. रंजना ओट्यावर पुस्तक उघडून बसली होती. मला बघून तिने ते मिटलं. तक्रार कुणी केली होती, हे मंदाताईंनी तिला कधीच सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. मग तिने विचारलं, "आनि आता तुमी हितं कशाला आल्या?"

तिच्या डोळ्यांत जे होतं, ते मी चांगलं ओळखत होते. मी म्हटलं, अभ्यासाला. तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, मग थोडी सरकून जागा करून दिली. मी खांबाला टेकून बसणार, तोच ती म्हणाली, "तितं नको... तितं ताई बसायच्या."

मी दुसऱ्या बाजूला बसले. खांबाजवळची चटई मोकळीच राहिली. रंजनाने पुस्तक पुन्हा उघडलं, आणि पहिला प्रश्न त्या मोकळ्या जागेकडे बघत विचारला. उत्तर मी दिलं.