गाईच्या गळ्यातली गाठ
जेटीवर भिजलेल्या दोराचा वास आला की मला वर्ध्याची ती कचेरी आठवते. आजोबा गेल्यावर त्यांचे पिवळे पडलेले कागद फडक्यात गुंडाळून, वरून दोर बांधून, मी हिंगणीहून माजी सैनिकांच्या कार्यालयात गेलो होतो. आधी नौदलात आणि मग तटरक्षक दलात नोकरी केली, असं ते सांगायचे, पण गावात कोणाचा विश्वास नव्हता. “बोर धरणावर डोंगा चालवला असन बुढ्यानं,” असं काका म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर शंका मलाही होती. टेबलामागचे म्हातारे साहेब चोराकडे पाहावं तसे पाहत म्हणाले, “कोनाचे कागद उचलून आनले बे? शिकला किती?” मी म्हटलं, “आठवी,” आणि गाठोडं छातीशी धरलं, हा माणूस कागद दाबून ठेवील असं मला वाटत होतं. “दाखव तं खरं,” म्हणत त्यांनी हात पुढे केला आणि तो गाठीवरच थांबला. “हे गाठ कोनं शिकवली तुले?” “आजोबानं. गाय बांधाले. गळा आवळत नाई म्हनत.” साहेब पहिल्यांदा हसले. “गाय नाई बाबू, जहाज बांधतेत याच्यानं. म्या जिंदगीभर बांधली.” मग त्यांनी मला खुर्ची दिली, चष्मा लावला, एकेक कागद वाचला आणि म्हणाले, “शिक्के खरे हायेत. बुढा खरा होता.” पुढे घरापासून इतक्या दूर या जेटीवर काम मागायला आलो, तेव्हा मुकादम शाळेचा दाखला मागेल म्हणून मी घाबरलो होतो. त्यानं नुसता दोर हातात दिला.