शाम्पूबाबत परिपत्रक आणि त्याचे शुद्धिपत्रक

विषय : डोक्यातील कोंडा व त्यातून उद्भवलेली परिस्थिती.
संदर्भ : १) माझे परिपत्रक. २) माझेच शुद्धिपत्रक. ३) माझा अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, मी गाढव आहे.

हसू नका. चहा घ्या, गार होईल. उभा जन्म कारकुनीत गेल्यावर माणसाला एकदम रडता येत नाही हो, आधी विषय-संदर्भ लिहावे लागतात.

त्याचं असं झालं. आमची ही होती तोवर डोकं हे खातं माझ्याकडे नव्हतंच. रविवारी ती शिकेकाई-रिठा उकळायची, मला मोरीत पाटावर बसवायची आणि म्हणायची, "मान खाली." इतका स्वच्छ हुकूम मला कचेरीतही कुणी दिला नाही. ती गेली, त्याला दोन वर्षं झाली. मग मी आपला अंगाचाच साबण डोक्याला फासू लागलो. त्यात नाशिकची थंडी आणि माझं कढत पाणी. डोकं असं सोलवटलं की काळा स्वेटर ट्रंकेत गेला.

औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "केस कसे आहेत काका? ऑयली, ड्राय, नॉर्मल?"

"निवृत्त," मी म्हटलं.

त्यानं बाटल्यांची रांग मांडली. एक कोळशाचा, एक कडुलिंबाचा, एक चक्क कांद्याचा! अहो, भाव पडला की आमच्या जिल्ह्यात कांदा रस्त्यावर ओततात. तो मी बाटलीतून विकत घेऊन डोक्यावर ओतू? रिकाम्या हातानं परत आलो.

आणि घरी, मागच्या न्हाणीच्या खिडकीत, मला ती बाटली दिसली. मोठी, निळी. पाण्यानं कागद अर्धा विरघळलेला. उरलेल्या भागावर एवढंच वाचता येत होतं : 'खाज व कोंडा घालवतो. कातडी निरोगी, केस चमकदार.' कारकुनाला आणखी काय हवं? अर्धा फाटलेला कागदसुद्धा कागदच. सूनबाईंनी आणली असेल, असा शेरा मनातल्या मनात मारला आणि वापरायला सुरुवात केली.

आता आमच्या बाकाबद्दल सांगायला हवं. गोदाकाठच्या बागेत सकाळी आम्ही पाच-सहा म्हातारे एका बाकावर बसतो. मुलगा-सून नोकरीला गेले की संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलायला घरात फक्त लाडू. लाडू म्हणजे सूनबाईंचा कुत्रा. घरात माझ्यानंतर आला, पण ज्येष्ठता यादीत माझ्या वर आहे. तेव्हा दिवसभरात माणसाचं बोलणं कानावर पडायचं ते त्या बाकावरच. तिथंही बोलायचे इतर, मी मान हलवायचो.

आठ दिवसांत चमत्कार झाला. सायखेड्याचे आप्पा माझ्या डोक्याकडे बघत म्हणाले, "भाऊसाहेब, केसं लय चमकायला लागले! काय लावता?"

दोन वर्षांत त्या बाकावर मला पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी विचारलं होतं. मी हवेत गेलो. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले जाधवसाहेब, हे आमच्या बाकाचे स्वयंघोषित अध्यक्ष, तेही वाकून बघू लागले.

"आम्हालाही द्या की थोडा," जाधवसाहेब म्हणाले.

दुसरा कुणी असता तर तोंडानं सांगून मोकळा झाला असता. मी घरी येऊन परिपत्रक काढलं! 'शाम्पू केसांना नव्हे, टाळूला चोळावा. पाणी कोमट असावे. फेस पूर्ण धुवावा. आठवड्यातून दोनदा पुरे.' खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या, 'वाचले' म्हणून. खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या धुऊन त्यांत शाम्पू भरला, प्रत्येकीवर नाव चिकटवलं. जाधवसाहेबांनी एक जादा मागून घेतली. मी पोच घेऊन दिली.

पंधरा दिवस मी त्या बाकावर मधोमध बसत होतो. मधोमध!

मग रविवारी सूनबाईंनी हाक मारली. "बाबा, लाडूचा शाम्पू पाहिलात का? निळी बाटली?"

मी चहाची बशी खाली ठेवली.

"कुणाचा?"

"लाडूचा हो. सहा महिने पुरते ती बाटली. रिकामीच झालीय!" मग ती माझ्या डोक्याकडे बघत राहिली. "बाबा... तुम्ही?"

"मी एकटाच नाही," मी म्हटलं.

ती पदर तोंडाला लावायला गेली, पण अंगात टी-शर्ट होता. मग तशीच आत पळाली. आतून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता. नंतर बाहेर येऊन तिनं समजावलं, की कुत्र्याची कातडी वेगळी, माणसाची वेगळी, त्याचं आपल्याला चालत नाही. आणि खरंच, दोन दिवसांपासून माझं डोकं पुन्हा खाजत होतं. मला वाटलं होतं, विचारांमुळे.

इथं तरी गप्प बसावं की नाही? बाटल्या संपल्या असत्या, विषय मिटला असता. पण चुकीचं परिपत्रक दुरुस्तीशिवाय राहू देणं माझ्या रक्तात नाही. मी शुद्धिपत्रक काढलं : 'संदर्भीय परिपत्रकात जेथे जेथे "केस" असा उल्लेख आहे, तेथे तेथे "कुत्र्याचे केस" असे वाचावे. बाकी मजकूर कायम.'

सकाळी ते जाधवसाहेबांच्या हाती दिलं. चष्मा नव्हता म्हणून त्यांनी ते शेजारच्या बाकावरच्या बाईंकडून मोठ्यानं वाचून घेतलं. त्या बाई हास्यक्लबच्या. अख्खा क्लब गोळा झाला. त्या दिवशी त्यांना खोटं हसावं लागलं नाही.

आप्पा टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, "तरीच! दोन दिस झाले, डोकं नुसतं पेटलंय. परवा नातीचा साखरपुडा हाय अन् मी पाव्हण्यांत खाजवत बसू काय?"

"आप्पा, चूक झाली."

"चूक? भाऊसाहेब, आता भुंकायचंच बाकी राह्यलं!"

जाधवसाहेब मात्र हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. ती जादा बाटली त्यांनी इगतपुरीला व्याह्यांकडे पाठवली होती. सोबत माझ्या परिपत्रकाची प्रत जोडून.

"भाऊसाहेब," ते हळू आवाजात म्हणाले, "व्याह्यांना मी कुत्र्याचा शाम्पू पाठवला. माझी मुलगी त्या घरात नांदते."

पुरावा माझ्याच अक्षरात होता. खाली सही, बाजूला जावक क्रमांक.

दुसऱ्या दिवशी गेलो तर माझ्या जागेवर आप्पांची पिशवी. तिसऱ्या दिवशीही. पिशवीला उठ कसं म्हणणार? शेवटी अर्ज केला : 'बाकावरील माझी जागा पूर्ववत मिळणेबाबत.' दोन प्रतींत. दरम्यान त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चिठ्ठीवर शाम्पूचं नाव लिहिलं आणि खाली अधोरेखित करून लिहिलं, 'माणसांचा'.

जाधवसाहेबांनी अर्जावर 'मिळाला' लिहून सही केली. "व्याही काय म्हणतात ते कळू द्या," म्हणाले, "मग बैठकीत ठेवू." व्याही अजून काहीच म्हणालेले नाहीत.

याला तीन आठवडे झाले. सध्या मी समोरच्या बाकावर बसतो. सोबत लाडू असतो. मला खाज आहे, त्याला नाही.

अर्ज प्रलंबित आहे.