दिवा न लागलेल्या घरातला बडग्या

पोळ्याच्या दिवशी सकाळी बडग्या मांडवात नव्हता.

मी ठाण्यात हजेरी घेत होतो. बडग्या बांधणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष आत आले, त्यांच्यामागे वीसपंचवीस कार्यकर्ते होते. पोलिसाच्या आयुष्यात खून, दरोडे पुष्कळ येतात आणि त्यांतले बरेचसे विसरूनही जातात. बांबू, पोती आणि कागदाच्या एका पुतळ्याची ती चोरी मात्र मी विसरलेलो नाही. त्याचं कारण शेवटी सांगतो.

ज्यांना नागपूर ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या शहरात मारबतीची मिरवणूक निघते, काळी आणि पिवळी अशा बाईच्या दोन मोठ्या पुतळ्यांची. तिच्यासोबत बडगे असतात. त्या वर्षी लोकांना ज्याने छळलं त्याचा पुतळा म्हणजे बडग्या. महागाई, रोगराई, लाच, जे काही असेल ते. लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ओरडतात, ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’, आणि मिरवणूक संपली की बडगे शहराबाहेर जाळतात.

त्या वर्षी दूरच्या देशात युद्ध सुरू होतं. स्वस्तात मिळालेलं कच्चं तेल शुद्ध करून खाजगी कंपन्या ते चढ्या भावाने परदेशात विकत होत्या आणि इथले त्यांचे स्वतःचे पंप कोरडे पडले होते. वर्तमानपत्रं रोज त्यावर लिहीत. एक बाजू म्हणे, तिकडे माणसं मरतात आणि इकडे यांच्या तिजोऱ्या भरतात. दुसरी म्हणे, माल भाव असेल तिकडेच जाणार, त्यात गुन्हा काय. मंडळाचा बडग्या याच विषयावर होता: पिंपावर बसलेला एक गुबगुबीत शेठ, एका हातात पंपाची नळी, दुसऱ्या हातात तोफ. अध्यक्ष एका राजकीय पक्षाचे वस्तीतले पुढारी होते. दोन महिने ते चौकाचौकात याच विषयावर बोलत होते.

संशयिताचं नावही त्यांनी सोबतच आणलं होतं. “साहेब, चोर नंदनवनात पंपावर बसला हाये. आठ दिवसांपूर्वी त्यानंच तुमच्याकडं अर्ज देल्ला ना, बडग्या बंद करा म्हणून? मंग अजून काय पुरावा पाहिजे तुमाले?”

अर्ज आला होता हे खरं. नंदनवन वस्तीतला एक पंप अशाच एका कंपनीचा होता. त्याच्या चालकाने लिहिलं होतं की या पुतळ्यामुळे आपली बदनामी होईल.

“संध्याकाळपर्यंत बडग्या भेटला नाही,” अध्यक्ष दारातून वळून म्हणाले, “तर पोरं उद्या पंपच जाळतीन. मंग मले म्हणू नका.”

मागच्या पोरांनी माना हलवल्या. त्यांतल्या दोघातिघांच्या डोळ्यांत पाणी होतं. महिनाभर बोटं कापून घेत त्यांनी तो बडग्या बांधला होता. त्यांचा राग खोटा नव्हता, आणि खोटा नसलेला राग बंदोबस्ताला फार जड जातो.

मी फिर्याद नोंदवून घेतली, मांडवाचा पंचनामा केला आणि पंपचालकाला बोलावलं. पन्नाशीचा माणूस. खुर्चीच्या कडेवर बसला.

“बडग्या कुठे आहे?” मी विचारलं.

“मले काय माहीत, साहेब.”

“अर्ज तुम्हीच दिला होता ना?”

“देल्ला. काहून नाही देऊ? कंपनी तिकडं कमावून राहिली, अन् शिव्या मी खाऊन राहिलो. दोन महिने झाले, एक टँकर नाही आला. कामावरची पोरं घरी बसवली. पंपावर आता मी अन् माहे वडील, दोघंच. वडील तर मागच्या खोलीतच राह्यतात. घर भाड्यानं देल्लं ना.” तो थोडा थांबला. “त्या पुतळ्याच्या हातातली नळी पाह्यली तुमी? माह्या पंपाची हाये ते. रंगासकट.”

‘पोरं पंप जाळायचं म्हणताहेत’ असं मी सांगितल्यावर तो घाईने म्हणाला, “साहेब, टाकी रिकामी हाये म्हणून हसू नका. भरल्या टाकीपेक्षा रिकामी वाईट. आत नुसता वाफारा भरला असते. ठिणगी गेली तं गल्ली उडन.”

मी हसत नव्हतोच. रिकाम्या टँकरना लागलेल्या आगी मी पाहिल्या होत्या. पंपावर चार शिपाई आणि अग्निशमनची एक गाडी लावली. वडिलांना दुसरीकडे हलवायला सांगितलं. म्हातारा उठायला तयार होईना.

खबर दुपारच्या आधी आली. मांडवासमोरच्या चहावाल्याने आमच्या हवालदारांना बाजूला घेतलं. “उजाडताना टेम्पो गेला. मागं काहीतरी उभं होतं, हिरव्या जाळीत गुंडाळलेलं. मले वाटलं कोणाचा पुतळा-बितळा असन. हुडकेश्वरकडं वळला.”

पंपचालकाचं गोदाम हुडकेश्वरलाच होतं. तिथल्या ठाण्याला कळवून आम्ही झडती घेतली. जुने डबे, दोन फाटके टायर, भिंतीवर देवाचा फोटो आणि त्यापुढे तेवणारी पणती, एवढंच निघालं. जाळल्याची राख नव्हती, बांबूची काडी नव्हती.

तिथून निघताना मी वैतागलो होतो. पोळ्याचा दिवस, घरी पुरणाचा स्वयंपाक. बायकोचा दोनदा फोन आला होता. घर वाटेवरच होतं, म्हणून गेलो. उभ्याउभ्याच जेवेन म्हटलं, तिने बसवलं, आणि सकाळपासूनचं सगळं मी तिला सांगितलं.

आमची ही जुन्या शहरातली. लहानपणापासून मारबतीच्या वाटेवर राहिलेली. मी खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत वाढलो. तिथे मुलुखभरातली कुटुंबं होती. मारबत आम्ही वर्षातून एकदा बसने येऊन पाहायचो, गावाला आल्यासारखे. पुस्तकं मी तिच्यापेक्षा जास्त वाचली होती आणि ती हे मला वरचेवर ऐकवत असे.

“गोदामात शोधला तुमी?” ती पोळीवर तूप वाढत म्हणाली.

“हो. का?”

“अन् तिथं पणती होती म्हणता. मंग तिथं कसा राहीन तो?”

मला समजलं नाही.

“बडग्यावर अख्ख्या गावची पिडा लादलेली असते, अहो. त्याले कोणी घरात घेते का? दुकान म्हणा, गोदाम म्हणा, जिथं दिवा लागते तिथं त्याले नेतच नाही. पिडा उंबरठ्याच्या आत राह्यते. आमच्या गल्लीत पाऊस आला तरी बडगे बाहेरच भिजत.”

“चोर कशाला हे मानेल?”

“बाहेरचा असन तं नाही मानणार. पण बाहेरच्यानं नेला असता तं मोडून फेकला असता, नाही तं जाळला असता. मिरवणुकीच्या आधी मोडायचा नाही हे आमच्या इकडच्यालेच माहीत.” ती हसली. “पुस्तकात नसन हे. जिथं अजून दिवा लागला नाही तिथं पाहा. अन् अजून एक पोळी घ्या.”

मी पोळी अर्धी टाकून उठलो, याबद्दल ती पुढे कितीतरी वर्षं बोलत असे.

जीपमध्ये हवालदारांना विचारलं, हिरवी जाळी कुठे असते? “बांधकामावर, साहेब.” हुडकेश्वरला तर गल्लोगल्ली बांधकामं. मग मी विचारलं, आपल्या ओळखीच्या कोणाचं घर तिकडे होतंय का? हवालदारांनी आधी ड्रायव्हरकडे पाहिलं.

“अध्यक्षांचं हाये,” ते म्हणाले. “दिवाळीनंतर वास्तू करणार हायेत. जेवायले बोलावलं आमाले.”

वास्तुशांती झाली नव्हती. म्हणजे दिवा लागला नव्हता. म्हणजे ते अजून घर नव्हतं.

बडग्या वरच्या मजल्यावर उभा होता. प्लास्टर न झालेल्या खोलीत, हिरव्या जाळीत, तोंड भिंतीकडे करून. कोणीतरी त्याच्या पायाशी कडुनिंबाचा डहाळा आणि लिंबू ठेवलं होतं. एक बांबूही मोडला नव्हता. इतक्या काळजीने ठेवलेला चोरीचा माल मी दुसरा पाहिला नाही.

मुद्देमाल म्हणून तो ठाण्यात आणला तर आमचे मुद्देमाल कारकून दारातच आडवे आले. “साहेब, आत नको. आत देवाचा फोटो हाये.” शेवटी जप्त केलेल्या मोटरसायकलींच्या रांगेत, अंगणात, तो शेठ पिंपावर बसून राहिला. ये-जा करणारे वळून पाहायचे आणि हसू दाबायचे.

अध्यक्षांना मी माझ्या खोलीत बसवलं. खिडकीतून अंगण दिसत होतं. चहा मागवला. मी काहीच विचारलं नाही. चौकशीत गप्प बसणं हेच बऱ्याचदा कामाचं असतं.

“कोणी ठेवला तिथं, मले काय माहीत,” ते म्हणाले.

“चावी तुमच्याकडे असते.”

“मजुराइकडं पण असते.”

“मजुरांनी लिंबू ठेवलं?”

ते खिडकीबाहेर पाहत राहिले. चहावर साय धरली.

“परवा पक्षातून, वरून फोन आला,” ते अखेरीस म्हणाले. “दोन महिने सांगत होते, कंपनीवर बोला, जोरात बोला. परवा म्हणे, आता राहू द्या, मोठ्यांची कंपनीसंगं बैठक झाली. बडग्या काढू नका. मी काय सांगू पोराइले? रात्रंदिवस राबली बिचारी. त्याइच्यासमोर मान खाली घालू काय?”

“म्हणून पंपवाल्याचं नाव?”

“त्यानं अर्ज देल्लाच होता ना.”

“आणि पोरांनी पंप जाळला असता तर?”

“रिकामाच हाये तो.”

रिकाम्या टाकीत काय असतं ते मी त्यांना सांगितलं. मागच्या खोलीतून उठायला तयार नसलेल्या म्हाताऱ्याचंही सांगितलं. त्यांनी कप दूर सारला. मग विचारलं, “मोडला तं नाही ना कोणी? माह्या हातून मोडवला नाही, साहेब.”

खोटी खबर दिल्याबद्दल त्यांच्यावर रीतसर कारवाई झाली. पुढे ती कशी रेंगाळली तो वेगळा विषय. बडग्या त्याच संध्याकाळी सुपूर्दनाम्यावर मंडळाला दिला. पोरांना मी एवढंच सांगितलं की पंपवाल्याने नेला नव्हता. कोणी नेला ते त्यांनी अंगणात उभ्या अध्यक्षांच्या चेहऱ्यावर वाचलं. एकजण फक्त म्हणाला, “चाला गा, उचला.”

दुसऱ्या दिवशी मी बंदोबस्तावर होतो. बडग्या आला तेव्हा गर्दीत पंपचालकाचे वडील दिसले, मुलाच्या खांद्याला धरून उभे. मला वाटलं, पाहवणार नाही त्यांना. म्हाताऱ्याने दोन्ही हात वर केले आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडला, “घेऊन जा गे मारबत.” थोडं पुढे, माहेरच्या ओट्यावर, बायको तिच्या वहिनींसोबत उभी होती. तिने मला पाहिलं आणि बोटाने ‘अर्धी पोळी’ अशी खूण केली.

या प्रकरणाने मला काय शिकवलं असं लोक विचारतात. ज्यांनी नफा कमावला ते आणि ज्यांनी त्यांच्याशी बैठक केली ते, दोघंही माझ्या ठाण्याच्या पायरीवर कधी आले नाहीत. आले ते कोरड्या पंपाचा चालक, रडणारी पोरं आणि वरच्या फोनला घाबरलेला एक पुढारी. युद्ध कितीही दूर असलं तरी त्याचा हिशेब गल्लीतली माणसं एकमेकांकडून वसूल करायला निघतात. पोलिसाच्या हातात एवढंच असतं की त्यांना चुकीच्या दारावर जाऊ देऊ नये. आणि माणूस खोटं बोलतो तेव्हाही ज्याला भितो त्याच्याशी खोटं वागत नाही. अध्यक्ष कायद्याला भ्याले नाहीत, बडग्याला भ्याले.

मी निवृत्त झालो. युद्धं चालूच आहेत, तेलाची भांडणंही. बडगे दरवर्षी नवे निघतात. बायको गेल्या हिवाळ्यात गेली; बडग्याचा पत्ता तिनेच सांगितला होता, म्हणून ती चोरी विसरता येत नाही. जाण्याच्या आधीच्या मारबतीला तिला ओट्यावर उभं राहवत नव्हतं, खुर्ची मांडावी लागली.

संध्याकाळी देव्हाऱ्यातला दिवा ती लावत असे. आता मी लावतो.