मामीचा राजीनामा

माझ्या मामीइतकं अस्वस्थ माणूस दिल्लीत दुसरं नसेल, आणि या शहरात अस्वस्थ माणसांचा दुष्काळ आहे असं कुणी म्हणणार नाही. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी तिच्याकडे राहायला आले, तेव्हापासून तिला स्वस्थ बसून चहा पिताना मी पाहिलेलं नाही. एका हातात कप, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि डोळे कुठल्यातरी बेटावरच्या ज्वालामुखीवर. पोळी करपली तर ती हळहळत नाही. फुटलेला पापुद्रा माझ्यापुढे धरून पृथ्वीचं कवच असंच फुटतं म्हणून सांगते आणि तीच पोळी मामाच्या पानात वाढते. मामा मंत्रालयात अधिकारी आहे आणि फाइलीसारखा शांत आहे. तो निमूटपणे भूगोल खातो आणि ऑफिसला जातो.

मामी गुरुग्रामकडच्या एका खाजगी शाळेत सातवीला भूगोल आणि विज्ञान शिकवायची. पुस्तकातल्या गांडुळाच्या चित्राला ती पासपोर्ट फोटो म्हणायची. हलतं-चालतं गांडूळ तिने नेटवरून कुठल्याशा परदेशी विद्यापीठाकडून वर्गात आणलं, पण आवाज बंद करून. त्या निवेदकांच्या तोंडात गरम बटाटा असतो, पोरांना अक्षर कळत नाही, असं तिचं ठाम मत. निवेदन ती स्वतः करायची, हिंदीत, आणि हिंदी संपली की मराठीत. "देखो बच्चो, कैसे वळवळ वळवळ कर रहा है." त्यामुळे हरियाणातल्या सातवीच्या एका अख्ख्या वर्गाला वळवळ हा शास्त्रीय शब्द वाटू लागला. एकाने परीक्षेत 'केंचुआ वळवळ करके चलता है' असं लिहिलं, आणि मामीने त्याला पूर्ण गुण दिले. वर्गात नेट अडलं की ती मुलांना घेऊन जिन्याच्या वळणावर जाऊन बसायची, कारण रेंज तिथेच यायची. प्रिन्सिपलसरांना वर जायचं असलं, तर पेंग्विन संपेपर्यंत त्यांना खालच्या पायरीवर थांबावं लागायचं. ते थांबायचेही. बहुतेक वेळा पाहतही राहायचे.

पण मामीचा नेटवर आंधळा विश्वास होता असं समजू नका. सरोजिनी नगरच्या बाजारात बर्फ पडल्याचं एक चित्र तिने गंभीर चेहऱ्याने वर्गात दाखवलं होतं आणि हे खोटं आहे हे सिद्ध करा म्हणून सांगितलं होतं. पोरं हवामानाच्या साइटी धुंडाळत बसली. मागच्या बाकावरची एक मुलगी तेवढी म्हणाली, मॅम, इतका बर्फ पडलाय आणि बायका बिनबाह्यांच्या कुर्त्यांचा भाव करतायत. ती मुलगी महिनाभर मामीच्या बोलण्यात होती. जे दिसेल ते दुसरीकडे पडताळून घ्यायचं, हा तिच्या वर्गाचा एकच नियम.

मग नकाशे आले. उपग्रहाने काढलेले जुने फोटो नेटवर मागे मागे नेऊन पाहता येतात. आपलं गाव कसं बदललं ते बघा, म्हणून मामीने मुलांना त्यांचीच शाळा शोधायला सांगितली. वर्षं मागे सरकत गेली, आणि जिथे शाळेचं नवं ऑडिटोरियम आहे तिथे पाणी दिसू लागलं. चांगलं मोठं, हिरवट, काठावर झाडं असलेलं पाणी. पडताळून घ्या, मामी म्हणाली. पोरांनी घरी जाऊन आजोबांना विचारलं. आजोबा म्हणाले, अरे, तो तर आपला जोहड. जोहड म्हणजे गावतळं. गावाचं, सगळ्यांचं. दोन-चार आजोबा काठ्या टेकत शाळेच्या फाटकाशी आले आणि आपला जोहड कुठे गेला म्हणून वॉचमनला विचारू लागले. संस्थाचालकांना एकाएकी भूगोलाची गोडी लागली.

प्रिन्सिपलसरांनी मामीला बोलावून घेतलं. ते तिकडचेच, हरियाणाचे, भले गृहस्थ. म्हणाले, "मॅडम, राजीनामा कर लो. बात खतम करो."

मामी घरी आली आणि चप्पलही न काढता शाळेला इस्तीफा पाठवून मोकळी झाली. मी निषेधाची पत्रकं काढणाऱ्यांच्या घरात वाढलेली. माझ्या डोक्यात मथळा तयार होता, खाली कुणाकुणाच्या सह्या घ्यायच्या तेही ठरलं होतं. मामी म्हणाली, आधी कणीक मळ.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रिन्सिपलसर दारात हजर. घामाघूम आणि गोंधळलेले. "मॅडम, मैंने राजीनामा बोला था. आपने तो इस्तीफा भेज दिया."

मामी म्हणाली, तेच तर. सर म्हणाले, तेच कसं? मग उलगडा झाला. त्यांच्याकडे दोन भावांचं शेतावरून भांडण झालं आणि पंचांनी मिटवलं की त्याला राजीनामा म्हणतात, दोन्हीकडची राजीखुशी. दिल्लीत इतकी वर्षं काढून मामीला हे कळायला हवं होतं, पण रागावलेलं माणूस मातृभाषेतच ऐकतं. मामा इतका हसला की त्याला ठसका लागला. सर हसले. मामीने चहा टाकला आणि त्यात आलं जरा जास्तच ठेचलं. तिचा वर्ग परत मिळाला होता. निदान चहा उकळेपर्यंत तरी.

कप देताना तिने विचारलं, या राजीनाम्यात मी काय करायचं?

काहीच नाही, सर म्हणाले. वर्गात एवढंच सांगायचं की तो फोटो चुकीचा होता, नेटवरचं सगळं खरं नसतं. "ये तो आप खुद पढ़ाती हैं."

मामी खुर्चीवर बसली. मामा तिच्याकडे बघत होता. काहीतरी म्हणेल असं मला वाटलं, पण त्याने फक्त तिच्यापुढची बशी सरळ केली.

"पढ़ाती हूँ, सर," मामी म्हणाली. "इसीलिए नहीं कह सकती. फिर तो मेरे लिए दोनों राजीनामे एक ही हैं."

सरांनी वाद घातला नाही. चहा संपवला, छान झाला होता म्हणाले. दाराशी वाकून बुटाची नाडी बांधताना, वर न बघताच, म्हणाले, "हम भैंसें नहलाते थे उसमें." आणि जिना उतरून गेले.

मी पत्रक काढलं. गावात वाटलंही. ऑडिटोरियम उभंच आहे. मामी दुसऱ्या शाळा शोधते आहे. मुलाखतीत मागची नोकरी का सोडली विचारतात, ती सरळ खरं सांगते, आणि मग कुणाचा फोन येत नाही.

तिच्या मोबाइलला मात्र यातलं काही कळलेलं नाही. तो रोज सकाळी तिच्यापुढे नवं काहीतरी आणून ठेवतो: ढगांचे प्रकार, सुएझ कालवा, पान अन्न कसं तयार करतं, सातवीसाठी सोप्या भाषेत. परवा मामा म्हणाला, "दे इकडे, बंद करून देतो ते. उगाच त्रास."

मामीने फोन ओढणीखाली घेतला.

"राहू दे," ती म्हणाली. "त्याला वाटतंय मी अजून शिकवते. वाटू दे."